शेषशायीचे वय छत्रीवरून ठरत नाही

सिंदखेडराजात लखुजी जाधवरावांच्या छत्रीचे जतनकाम सुरू असताना, जून २०२४ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला एका मंदिराच्या सभामंडपाचे अवशेष लागले. सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी १.७० मीटर, उंची सुमारे एक मीटर. पायाशी लक्ष्मी, सोबत दशावतार आणि समुद्रमंथन.

जाधवरावांच्या समाधीजवळ सापडली म्हणजे ती त्यांच्याच काळातली, असे सहज वाटते. पण शेजार हा काळाचा पुरावा नव्हे. लखुजींची हत्या १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर झाली, छत्री त्यानंतरची. मूर्ती निघाली ती मंदिराच्या अवशेषांतून. खोलीवरूनही वर्षे मोजता येत नाहीत. कुठे पडझडीने थर चढतो, कुठे मुद्दाम भर घातली जाते, कुठे गाळ साचतो.

खरी साक्ष दगडाची आहे. सिंदखेडराजा ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तिथली भूमी काळ्या बसाल्टची. ही मूर्ती मात्र क्लोराइट शिस्टची. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत हळूहळू कठीण होतो, म्हणून दागिन्यांच्या कडीन्‌कडी त्यात कोरता येते. कर्नाटकातील बेलूर, हळेबीडची होयसळ शिल्पे याच जातीच्या दगडातली. मराठवाड्यात अशा मूर्ती मिळाल्या आहेत, पण बसाल्टमधल्या. त्यामुळे ही दक्षिणेत घडून इकडे आली असावी, हे अभ्यासकांचे मत पटण्याजोगे आहे आणि ते आपल्याला होयसळांच्या बाराव्या-तेराव्या शतकाकडे नेते.

मग ती परकी ठरते का? मुळीच नाही. त्याच शतकांत देवगिरीचे यादव आणि होयसळ शेजारी होते. ते एकमेकांशी लढत होते, पण लढाया होत्या म्हणून कारागिरांची, भाविकांची वाट बंद झाली नव्हती. दूरचा दगड आणवून किंवा घडलेली मूर्ती वाहून आणून इथल्या कोणी प्रतिष्ठा केली असेल, तर त्यात या भूमीची श्रद्धा आणि ऐपत दोन्ही दिसतात.

शेषशायी म्हणजे झोपलेला देव, हे वर्णनही अपुरे आहे. ही योगनिद्रा, प्रलय संपला आहे आणि सृष्टी अजून उमलायची आहे, असा तो क्षण. आषाढी ते कार्तिकी हा देवाचा शयनकाळ मानून वारकरी आजही व्रते करतात. इथे समुद्रमंथन कोरल्यामुळे अर्थ आणखी खोल जातो. वर ज्या क्षीरसागरात देव पहुडला आहे, खाली तोच सागर घुसळला जातो आहे. मंदार पर्वताला पाठीवर घेणारा कूर्म दशावतारांतलाच. मंथनातून वर आलेली लक्ष्मी इथे पायाशी बसली आहे. शिल्पात दिसणारे ऐरावत आणि घोडा हीसुद्धा त्याच सागराची रत्ने. निद्रा आणि घुसळण या एकाच कथेच्या दोन बाजू शिल्पकाराने एका दगडात जुळवल्या. दशावतारांना नुसती शोभेची किनार म्हणणाऱ्याच्या हातून हा सगळा धागा निसटतो.

म्हणून मूर्ती आणि सभामंडप वेगळे करून अभ्यास होऊ नये. दगडाची सूक्ष्मदर्शी तपासणी करून तो कर्नाटकातील खाणींशी ताडून पाहावा, मंडपाच्या थरांची नोंद प्रसिद्ध व्हावी आणि मूर्तीचे कायमचे ठिकाण सिंदखेडराजातच असावे.