बिनसातबाऱ्याचा भूकंप

निसर्ग जात बघत नाही, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्या नावावर सातबारा असणार. पक्का. बिनसातबाऱ्याचा माणूस असलं बोलूच शकत नाही.

दोस्तांनो, गेल्या पावसाळ्यात आम्ही सहाजण महाडहून महाबळेश्वरला शिबिराला निघालो. सरळ रस्ता पोलादपूरवरून आंबेनळी घाटाचा, साठेक किलोमीटर. दरड आली, घाट बंद. मग खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा, मेढा असा अडीचशेच्या आसपासचा वळसा पडला. जीपमधला एक गडी सारखा म्हणत होता, "काय हिरवंगार हाय रे, स्वित्झर्लंड झक मारलं." हिरवं होतंच. भूकंपाच्या पट्ट्यातही गवत उगवतं.

महाड सोडल्यावर डोक्यात पाणीच असतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नगरपालिकेने तळं आधीच खुलं केलेलं होतं, कागदावर. तरी डोकी फुटली, आणि नंतर १०८ घागरी शेणमूत-दूध-दही ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

आता चिपळूणच्या पुढे या. घाटाच्या पायथ्याला पोफळीचं वीजघर. कोयना उगवते महाबळेश्वरला, वाहते दक्षिणेला, कराडला कृष्णेत मिळते. हिला देशाच्या इंजिनियरांनी अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेला वळवलं, टर्बाइनवर घातलं आणि वाशिष्ठीत सोडून दिलं. अख्खी नदी उलटी फिरवली! या देशाला पाणी फिरवता येत नाही असं कुणी सांगू नये. गावच्या विहिरीवरून वस्तीपर्यंतचं दोनशे पावलांचं पाणी तेवढं फिरत नव्हतं. तिथे इंजिनियरिंग संपतं आणि धर्म सुरू होतो.

भूकंपाचं म्हणाल तर एक जुना हिशेब आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला. गांधी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, म्हणाले हे अविज्ञान आहे. दोघांचा वाद विद्वान लोक अजून चघळतात. आमचा साधा सवाल त्या वादात रवींद्रनाथांनीही घेतला होता. पाप त्यांनी केलं, मग ढिगाऱ्याखाली आमची माणसं का? देवाचा नेम एवढा वाईट?

कोयनेत तर देवाचं नाव घ्यायचीही सोय नाही. १०३ मीटर उंचीचं धरण. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी भरू लागलं तसे बारीक हादरे सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता ६.३. साधारण १८० माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली नाहीतर राहण्याजोगी उरली नाहीत. साठवलेल्या पाण्याचं ओझं आणि खडकाच्या फटीत शिरलेल्या पाण्याचा दाब, यामुळे आधीच ताणलेली जमीन सरकली असं शास्त्रज्ञ मांडतात. धरणाने चेतवलेल्या भूकंपाचा नमुना म्हणून कोयना जगभर शिकवली जाते. म्हणजे देव नाही, पाप नाही. योजना. योजनेवर कुणाची सही होती ते कागदावर आहे. मेलेल्याची सही कुठेच नाही.

पाटणच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. एक आजी बसली होती. तेव्हा ती लहान पोर, दगडमातीच्या खोपटात निजलेली. आम्ही विचारलं तशी बोलायला लागली. "भित पडली, माझी आय गेली. मागनं साहेब आलं लिवून घ्याया. म्हनलं, घर कुनाच्या नावावं? आमच्या मालकाच्या. मग आमी कशाचं मागायचं?" मी म्हटलं, आजी, तुमची आई गेली हे तरी लिहिलं असेल ना? ती हसली. म्हणाली, "च्या पी बाबा, गार हुतंय."

ही हसण्याची गोष्ट नाही, पण तिला दुसरं काय उरलंय? इथली भरपाई जमिनीच्या मागे चालते. धरणात गाव बुडालं तर जमीनवाल्याला जमीन, आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याला शुभेच्छा. कोयनेचे विस्थापित उठवले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाही नव्हता, तो १९७६ चा. जमीनवालेही अजून भांडतायत, त्यांचं भांडण खरं आहे, आपण त्यांच्याबरोबर आहोत. पण त्या मोर्चात आपण मागच्या रांगेत असतो आणि मागण्यांच्या कागदावर शेवटच्या कलमात. कधीकधी ते कलम टाईप करायचंच राहतं.

पुरावा पाहिजे? किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३. हजारो माणसं एका पहाटेत गेली. मेलेल्यांत सगळे होते, मान्य. मग घरं बांधली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट. त्याच्या वर ७५० चौरस फूट. भूकंपाने वाडा आणि झोपडी एकाच पातळीला आणली होती, सरकारने मोजपट्टी घेऊन पुन्हा जागच्या जागी उभी केली. खानदानी माणसाचे पाय लांब असतात बहुतेक, निजायला जास्त जागा लागते! पुढे २००१ ला कच्छ झालं, २००४ ला तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी. मदतछावणीत, पाण्याच्या टँकरवर, जेवणाच्या पंगतीत तेच. लाट ओसरली, जात ओसरली नाही.

रात्री महाबळेश्वरला पोचलो. धुकं, बंद पडलेली स्ट्रॉबेरीची दुकानं, माल्कमसाहेबाने १८२८ च्या सुमाराला वसवलेली थंड हवा. इथे साहेबांना भाजीपाला मिळावा म्हणून चिनी कैदी राबवले गेले. साहेब गेले, त्यांच्या नावाचे पॉइंट राहिले. कैद्यांची नावं कुणाला ठाऊक?

आणि आता 'नवीन महाबळेश्वर' येतंय. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे नियोजन; पहिल्या फेरीत सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यातली २३५ गावं, मसुदा २०२४ ला बाहेर आला. म्हणजे हीच ती कोयनेची दरी. त्याच हलत्या जमिनीवर हॉटेलं. शास्त्रज्ञांनी या भागात तीन किलोमीटर खोल बोअर पाडून जमिनीच्या पोटात काय चाललंय ते तपासलं, चांगलंच केलं. पण वस्तीत कोण राहतो, कुणाच्या जागेत, किती पिढ्या, हे तपासायला बोअर लागत नाही, एक तलाठी आणि एक वही लागते. ती वही का निघत नाही? कारण वहीत नाव आलं की माणूस आला, माणूस आला की हिस्सा आला.

उद्या जमीन पुन्हा हलली, किंवा विकासाने आधीच उठवलं, तर पुन्हा साहेब येणार आणि विचारणार, घर कुणाच्या नावावर? त्या दिवशी उत्तर शोधत बसायचं नाही. शिबिरात ठरलंय: दरीतल्या बौद्ध, मातंग, चर्मकार, कातकरी, धनगर वस्त्यांची घरवार यादी आपणच करायची. नाव, माणसं, किती वर्षं, जागा कुणाची, घर कशाचं. दोन प्रती. एक कलेक्टरच्या टेबलावर, पोच घेऊन. दुसरी वस्तीत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसात, पाटण एसटी स्टँड. वही-पेन ज्याने त्याने आणावं. पावसाळी चपला घालून या, वाट निसरडी आहे.