ऑपरेशन फुकट, चालणं रोखीनं

सरकारी आरोग्य विमा गरिबाचं मोडलेलं हाड जोडतो आणि त्याला चालतं करायची वेळ आली की अंग काढून घेतो. हे कुणा कारकुनाच्या चुकीने घडत नाही. योजनाच तशी आखली आहे, आणि म्हणून माझा राग थेट आखणाऱ्यांवर आहे.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. योजनेतून ऑपरेशन झालं, पैसा लागला नाही, त्याचं मोल मी जाणते. घरी सोडताना कागदावर लिहून मिळालं, फिजिओथेरपी चालू ठेवा. कुठे, ते कुणीच सांगेना. जिथे विचारलं तिथे उत्तर एकच : योजनेचं कार्ड चालत नाही, दर वेळचे पैसे रोख द्या. रुग्णालयात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र म्हणाला, "ताई, हे योजनेत बसत नाही."

रोख मागणाऱ्या त्या फिजिओथेरपिस्टांना मी बोल लावणार नाही. त्यांच्या मनात असलं तरी त्यांना योजनेत शिरायला दारच नाही. केंद्राची आयुष्मान भारत काय किंवा राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना काय, करार होतो तो खाटा असलेल्या रुग्णालयाशी. ओपीडीतले उपचार वगळलेले. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस तेवढे धरले आहेत. टाके निघायलाच दहा ते चौदा दिवस जातात! व्यायाम तर त्यानंतरही महिनोन्‌महिने चालतो, आणि त्यातले जवळजवळ सगळे दिवस सरकारच्या हिशेबाबाहेर. पक्षाघात झालेल्याच्या हातापायांत ताकद परतते ती मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. नेमके तेच महिने त्याने स्वतःच्या खिशातून काढायचे.

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मानचं संरक्षण मिळालं. खुब्याची हाडं मोडतात ती याच वयात. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. मग ते पुन्हा दाखल होतं, आणि तो खर्च मात्र योजना बिनतक्रार भरते. त्याला उभं करायला पैसे नाहीत, पडून बिघडल्यावर आहेत. याला आरोग्य धोरण म्हणायची लाज वाटली पाहिजे.

दरम्यान आजाऱ्याला उभं करण्याचा भार घरातली बाई उचलते. ती मजुरी बुडवते, रिक्षाचे पैसे जुळवते, आणि ते संपले की व्यायाम थांबतो.

महाराष्ट्राला फिजिओथेरपीचं शास्त्र नवं नाही. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय 1950च्या दशकात मुंबईत, केईएममध्ये उभं राहिलं. 2021च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेत रीतसर स्थान दिलं. माणसं शिकलेली आहेत, कायदा आहे. फक्त त्यांचे पैसे द्यायची सरकारची तयारी नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. हाडांच्या ऑपरेशनच्या आणि पक्षाघाताच्या पॅकेजमध्ये पुढच्या काही महिन्यांची फिजिओथेरपी घाला. खाटांची अट काढून नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टांशी थेट करार करा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं पद भरा. आणि मंत्रिमहोदय व्यासपीठावरून ऑपरेशनांचे आकडे सांगतील, तेव्हा त्यांतले किती जण पुन्हा चालू लागले, ते त्यांना तिथेच विचारा.