माशाचा आकार आणि ऊर्जेचा हिशेब

मासळी बाजारात बांगडा आणि पापलेट शेजारी शेजारी मांडलेले असतात. एक चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. दुसरा ताटलीसारखा उंच आणि चपटा. आपण त्यांच्याकडे चवीच्या आणि भावाच्या नजरेने पाहतो. माशाच्या दृष्टीने मात्र त्याच्या अंगाचा आकार म्हणजे रोजच्या खर्चाचा हिशेब असतो.

हा खर्च लहान नाही. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते, म्हणून पुढे सरकायला जोर जास्त लागतो. त्यातच इंधन जाळायला लागणारा प्राणवायू पाण्यात फार थोडा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर एक लिटर पाण्यात विरघळलेला जेमतेम ६ ते १० मिलिलिटर. पोहण्यात वाचलेली ऊर्जा वाढीला, अंडी तयार करायला आणि रोगाशी लढायला उरते. फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांमध्ये आम्ही याची उलट बाजू पाहतो. त्यांची बरीच शक्ती नुसत्या श्वासावर खर्च होते आणि माणूस खंगत जातो.

माशाचा खर्च मोजायची पद्धतही आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. हृदयरोग्याला आपण ट्रेडमिलवर चालवतो. माशाला पाण्याच्या बंद बोगद्यात पोहवतात. समोरून ठरावीक वेगाने पाणी येते, मासा जागच्या जागी पोहतो आणि पाण्यातला प्राणवायू किती कमी झाला यावरून ऊर्जा काढतात. कॅनडातील शास्त्रज्ञ जे. आर. ब्रेट यांनी १९६०च्या दशकात सॅमन माशांवर केलेल्या मोजणीमुळे ही पद्धत रुजली.

पाणी माशाला दोन प्रकारे अडवते. एक म्हणजे त्वचेवरचे घर्षण. अंगाचे पृष्ठफळ जेवढे जास्त, तेवढे ते वाढते. दुसरा अडथळा अंगामागे तयार होणाऱ्या भोवऱ्यांचा. आखूड आणि जाड अंगाला तो जास्त भोवतो. दोन्ही आटोक्यात ठेवणारा आकार म्हणजे जाडीच्या साधारण चार-पाच पट लांबीची चाती. दूरवर वेगाने जाणारे कुपा आणि बांगडा याच घडणीचे आहेत.

मग वाम माशाचे काय? हा दोरीसारखा लांब मासा या गणितात नापास व्हायला हवा. युरोपातली वाम अंडी घालण्यासाठी अटलांटिक ओलांडून सरगॅसो समुद्राकडे जाते. पाच हजार किलोमीटरहून लांब हा प्रवास ती काहीही न खाता, साठवलेल्या चरबीवर करते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी काही वामांना बोगद्यात १७३ दिवस पोहवून सुमारे ५५०० किलोमीटर अंतर कापायला लावले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, तेवढेच अंतर जायला वामेला इतर घडणीच्या माशांपेक्षा चार ते सहा पट कमी ऊर्जा लागते. ताठ वस्तूसाठी मांडलेले गणित सबंध अंग वळवळवत संथ जाणाऱ्या जिवाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

शिवाय प्रत्येक मासा कमी खर्चाचाच आकार घेतो असेही नाही. स्वीडनमधील तळ्यांत क्रुशियन कार्प नावाचा, गोल्डफिशच्या जवळच्या नात्यातला मासा आढळतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच्या तळ्यात पाईक हा शिकारी मासा सोडला, तेव्हा कार्पचे अंग काही महिन्यांतच उंच झाले. उंच घास पाईकच्या जबड्यात सहज मावत नाही. पण अशा अंगाला पाण्याचा अडथळा जास्त होतो आणि पोहणे महाग पडते. पाईक नसलेल्या तळ्यात तोच मासा सडपातळ राहतो. जीव वाचवण्याचा हा विम्याचा हप्ताच म्हणायचा, आणि धोका असेल तिथेच तो भरला जातो.

म्हणजे ‘उत्तम आकार’ असा एकच नसतो. आकार ठरतो तो वाटेवर, वेगावर आणि शत्रूवर. लाखो वर्षांत जमलेला हा हिशेब आपण धरणाची एक भिंत उभारून मोडतो. संथ, लांब पल्ल्यासाठी घडलेली वाम सॅमनसारखी उसळी घेऊ शकत नाही. सॅमनसाठी बांधलेले पाण्याचे जिने तिच्या पिल्लांना बहुधा निरुपयोगी ठरतात. समुद्राकडे परतताना ज्या लांबीने तिची ऊर्जा वाचवली असती, तीच लांबी जलविद्युत केंद्राच्या फिरत्या पात्यांत घातक ठरते, कारण अंग जितके लांब, तितकी टक्कर होण्याची शक्यता जास्त. अतिमासेमारीसह अनेक कारणांनी युरोपातली वाम आज अतिसंकटग्रस्त आहे. युरोपीय संघाने २००७ मध्ये तिच्यासाठी वेगळा नियम केला. कित्येक नद्यांवर तिच्या पिल्लांसाठी ओल्या ब्रशांचे उतार बसवले आहेत. त्यांच्या केसांमधून ती वळवळत वर चढतात.

आपल्याकडे वाम या नावाने एकाहून अधिक मासे ओळखले जातात. त्यातला एक, नद्यांत वाढणारा आणि अंडी घालायला समुद्रात जाणारा, या युरोपीय वामेचा सख्खा नातेवाईक आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारा दणकट महाशीर आणि ही वाम यांना एकाच मापाचा मार्ग पुरणार नाही. नवा बंधारा किंवा प्रकल्प मंजूर करताना तिथले मासे कोणते, ते किती वेगाने आणि किती वेळ पोहू शकतात, हे आधी मोजले पाहिजे. त्यासाठी लागणारा बोगदा, पंप आणि प्राणवायू मोजणारे यंत्र यांचा खर्च धरणाच्या खर्चापुढे नगण्य आहे. रुग्णाला न तपासता लिहिलेले औषध कोणी मान्य करत नाही. मासा न मोजता आखलेला मत्स्यमार्गही आपण मान्य करू नये.