गंधार कुठाय?

मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’मध्ये ‘ग्रीन डे’ वाजवून गेले. तुमच्यापैकी काही जण त्या गर्दीत असाल, बाकीच्यांनी माझ्यासारख्या रील्स बघितल्या असतील. त्यानंतर आमच्या कॉलेजात माळ्यावरच्या गिटार खाली आल्या. साहजिक आहे. या बँडची कितीतरी गाणी पॉवर कॉर्डवर चालतात. दोन बोटं, एकच आकार, तोच वरखाली सरकवायचा. डिस्टॉर्शन ऑन केलं की कँटीनसुद्धा स्टेडियम वाटतं!

आमच्या बँडमध्ये मीही दीड वर्षं तेवढंच वाजवत होते. एकदा तालमीत शास्त्रीय शिकलेला आमचा गायक मध्येच थांबला. म्हणाला, ‘‘अगं, तू नुसता सा आणि प देतेयस. गंधार कुठाय?’’ तेव्हा कळलं, की तो कोमल गंधार गात होता आणि कीबोर्डवाला शुद्ध वाजवत होता. महिनाभर! माझ्या गिटारच्या आवाजात ते भांडण कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

पॉवर कॉर्डची गोम हीच आहे. त्यात षड्ज आणि पंचम एवढेच स्वर. शुद्ध गंधार घातला की कॉर्ड मेजर, कोमल घातला की मायनर. पॉवर कॉर्ड यातलं काहीच सांगत नाही. अर्थात रॉकवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. लिंक रेचं ‘रम्बल’ १९५८चं, म्हणजे ही युक्ती आपल्या आजोबांच्या काळातली. आवाज फाटेपर्यंत गेन वाढवला, की गंधार बाकीच्या स्वरांशी भांडतो आणि सगळं गिचमिड होतं. सा-प मात्र दणदणीत राहतात.

पण आपण आता ऐकतो काय? अनुव जैनचं ‘हुस्न’, प्रतीक कुहाडची गाणी. बऱ्याचदा एक गिटार आणि एक गळा. मागे बेस नाही, कीबोर्ड नाही. गाणं हळवं आहे की खुशीत, हे गिटारलाच सांगावं लागतं. तिथे पॉवर कॉर्ड लावून बघा, गाणं अर्धवट वाटेल. कान पुढे गेलेत आणि बोटं पाचव्या फ्रेटवरच अडकलीत, असं माझं तरी निरीक्षण आहे.

मग करायचं काय? सगळ्यात जाड, म्हणजे सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट धरा, हा ‘ए’. पाचवी तार बोटाच्या टोकाने मुकी करा. चौथी आणि तिसरी तारही पाचव्याच फ्रेटवर दाबा आणि फक्त या तीन तारा वाजवा. झाला ए मायनर सेव्हन. आता तिसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट पुढे: ए सेव्हन. मग चौथ्या तारेवरचंही एक फ्रेट पुढे: ए मेजर सेव्हन. एकेक बोट हललं आणि तीन वेगळे मूड! यात पंचम नाहीच, हे लक्षात आलं का? गंधार मिळाला की पंचमाची उणीव फारशी जाणवत नाही.

गंधार नकोच असेल, तर नेहमीच्या पॉवर कॉर्डवर चौथ्या तारेचा नववा फ्रेट करंगळीने जोडा. ‘पोलिस’ बँडच्या १९८३च्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मध्ये अँडी समर्सने असाच नववा स्वर घातलाय. करंगळी पहिले आठ दिवस शिव्या देईल.

बँडमध्ये दोन गिटार असतील, तर दोघांनी तोच पॉवर कॉर्ड बडवू नका, प्लीज. एकाने खाली दणका द्यावा, दुसऱ्याने गेन कमी करून वरच्या तीन तारांवर गंधारासकट कॉर्ड धरावा. बेसवाला असेल तर षड्जही त्याच्यावर सोडता येतो.

आमच्या त्या गाण्यात शेवटी कोमल गंधार राहिला. कीबोर्डवाला अजून रुसलाय.