पबच्या गोष्टीतून गळालेली २९ वर्षं

विज्ञानाच्या ज्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात, त्या बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. सफरचंद पडलं, न्यूटनला सुचलं. आर्किमिडीज टबात बसला आणि तसाच ओरडत धावत सुटला. नव्वद सेकंदांच्या रीलमध्ये त्या मस्त बसतात. डीएनए नॅनोतंत्रज्ञानाचीही अशीच एक गोष्ट आहे आणि मला तिचा राग येतो.

गोष्ट अशी. १९८० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत नेड सीमन नावाचा ३४ वर्षांचा प्राध्यापक विद्यापीठाच्या पबमध्ये जाऊन बसला. डोक्यात डीएनए. शाळेत शिकलो ती डीएनएची पिळदार शिडी सरळ जाते, तिला फाटे नसतात. पण पेशीत कधीकधी दोन शिड्या एकमेकींत गुंततात आणि चार रस्त्यांचा चौक तयार होतो. सीमन त्या दिवशी सहा रस्त्यांच्या चौकाचा विचार करत होता. अचानक त्याला एशर या चित्रकाराचं ‘डेप्थ’ हे चित्र आठवलं. त्यात मासे ओळीने पोहताहेत, पुढेमागे, वरखाली, डावीउजवीकडे. डोकं, शेपूट आणि चार दिशांना चार पर, म्हणजे प्रत्येक मासा सहा रस्त्यांचा चौकच! असे चौक डीएनएचे बनवले आणि त्यांची टोकं एकमेकांना चिकटतील अशी ठेवली, तर रेणूंची जाळी आपोआप उभी राहील. रील संपली. लाइक करा, शेअर करा.

गोष्ट खरी आहे. खुद्द सीमनच ती सांगायचा. माझी तक्रार एवढीच की ती फार लवकर संपते.

सीमनचा धंदा स्फटिकांचा. रेणूचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि रेणूची रचना ओळखायची. पण त्याला हवे ते स्फटिक बनतच नव्हते, आणि स्फटिक नाही म्हणजे काम नाही. म्हणून त्याला डीएनएची मांडणी हवी होती. मांडणीच्या प्रत्येक खणात एकेक डबा ठेवावा तसं प्रत्येक खणात एकेक प्रथिन ठेवायचं. मग प्रथिनं ओळीत आपोआप आली!

१९८२ साली त्याने हे कागदावर मांडलं. १९८३ साली सहकाऱ्यांबरोबर चार रस्त्यांचा चौक प्रयोगशाळेत बनवला. निसर्गातला असा चौक जागेवर थांबत नाही, सरकत राहतो. सीमनने ए, टी, जी, सी या अक्षरांचा क्रम असा निवडला की चौकाला सरकायला वावच उरला नाही. पण तो लवचीक निघाला, आणि पिचपिच्या खांबांवर मांडणी उभी राहत नाही. १९९१ साली डीएनएचा घन तयार झाला, तोही असाच लवचीक. १९९३ साली दोन शिड्या दोन ठिकाणी एकमेकींत अडकवून ताठ तुकडा मिळाला. १९९८ साली एरिक विन्फ्रीबरोबर सपाट जाळी झाली. तिन्ही दिशांना वाढणारा, आधी ठरवून बनवलेला स्फटिक प्रसिद्ध झाला २००९ साली. सीमन तेव्हा ६३ वर्षांचा होता.

पब ते स्फटिक, २९ वर्षं. रीलमध्ये यातलं एकही नाही.

याने काय बिघडतं? बिघडतं हे की आपल्याला वाटायला लागतं, विज्ञान म्हणजे सुचणं. सुचलं नाही तर आपण हुशार नाही, आणि सुचलं तर पुढचं आपोआप. डीएनएचे धागे खारट पाण्यात तापवून हळूहळू थंड केले की आपोआप जुळतात, हे खरं. पण कोणते धागे टाकायचे हे आपोआप कळत नाही.

दुसरं बिघडतं ते पैसे देणाऱ्यांचं. त्यांनाही गोष्ट रीलएवढीच हवी असते. आपल्याकडे संशोधन प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो आणि अर्जात उपयोग लिहावा लागतो. पबपासून तीन वर्षं मोजा. १९८३. सीमनच्या हातात काय, तर एक चौक. त्या घनाचा उपयोग काय, असं १९९१ साली विचारलं असतं, तर प्रामाणिक उत्तर होतं: अजून काही नाही.

यावर कोणी म्हणेल, पैसा जनतेचा आहे, हिशोब नको का? हवाच. सीमनलाही अमेरिकी सरकारी संस्थांचाच पैसा होता आणि त्याने हिशोब दिला. दर काही वर्षांनी त्याने कोणालाही तपासता येईल असं काहीतरी पुढे ठेवलं. सबुरी म्हणजे कोरा चेक नव्हे. पण हे पाऊल खरंच पडलं का, हा एक प्रश्न आहे आणि याचे पैसे कधी सुटणार, हा दुसरा. आपण पहिला विचारायचं सोडून दुसराच विचारत बसतो.

आता खरी गंमत ऐका. ज्या प्रथिनांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यांच्या रचना शोधायचे दुसरेच रस्ते पुढे गेले. अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला २०१७ साली नोबेल मिळालं. अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीच्या कर्त्यांना २०२४ साली मिळालं. म्हणजे ‘अपेक्षित उपयोग’ या रकान्याने मोजलं तर सीमन नापास!

आणि तरीही २००६ साली पॉल रॉथमंडने एका विषाणूचा लांब डीएनए धागा दोनशेच्या वर छोट्या धाग्यांनी टाचून त्याचे हसरे चेहरे बनवले आणि जगभरच्या प्रयोगशाळा या विषयात उतरल्या. २००९ साली बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये यमुना कृष्णन यांच्या गटाने डीएनएचं छोटंसं यंत्र जिवंत पेशीत सोडून आतली आम्लता मोजली. १९८० साली कुठल्या अर्जात हे लिहिता आलं असतं? सीमनला २०१० साली कावली पुरस्कार मिळाला, २०२१ साली तो गेला. या पुरस्काराची बातमी करणं सोपं आहे. १९८३ ते १९९१ या आठ वर्षांची कोणी करत नाही.

तुमच्यापैकी कोणी आज पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असेल. लग्नकार्यात काका विचारत असतील, ‘याचा पुढे उपयोग काय?’ काकांवर रागावू नका, त्यांनीही रीलच पाहिलीय. त्यांना सीमनची गोष्ट सांगा. पबमधले मासे सांगाच, लोकांना आवडतात. पण तिथे थांबू नका. पिचपिचा चौक सांगा, लवचीक घन सांगा, १९९३ चा ताठ तुकडा सांगा. काका जांभई देतील. तरी २००९ पर्यंत सांगत राहा.