बोलावलेली पाहुणी

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाचं बोलावणं एकदा दिलं की आपण ते मागे घेत नाही. परंदवडी असो की तळेगाव, एखादीशी पटत नसलं तरी दारात आली की तिच्या हातावर तिळगूळ ठेवतोच. ही साधी रीत साहित्याच्या मोठ्या मांडवात मात्र मोडली गेली.

जानेवारी २०१९ मध्ये, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, असा विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि निमंत्रणच मागे घेतलं गेलं. त्यांचे वडील रणजित पंडित मूळचे मराठी. म्हणजे माहेरवाशिणीलाच दारातून परत पाठवलं की!

संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच याबद्दल नापसंती सांगितली. सहगल यांचं भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं, लोकांनी वाचलंही. पण समोर बसून ऐकणं, न पटलेलं विचारणं राहूनच गेलं. यवतमाळच्या एखाद्या लिहित्या मुलीला नव्वदी ओलांडलेल्या लेखिकेशी दोन शब्द बोलता आले असते. ती संधी काही परत येत नाही.

आपल्या महिला मंडळात, वाचनालयात पाहुणी बोलवायची तर वाद आधी घालावा, अगदी मनसोक्त. पण पत्रिका गेली की तिला खुर्ची आणि माईक द्यायचाच. पटलं नाही तर प्रश्न विचारा. दार लावू नका.