जुन्या जनरेटरचे इंजिन किलोच्या भावाने देऊ नका

खापरखेड्याचे १३४० मेगावॅटचे वीज केंद्र आपल्याच सावनेर तालुक्यात. तरीही लोडशेडिंगच्या वर्षांत दुकानदारांना, दवाखान्यांना, मंडपवाल्यांना स्वतःचे जनरेटर घ्यावे लागले. आज त्यातले कितीतरी गोठ्यात धूळ खात पडलेत. वाइंडिंग जळाले की भंगारवाला किलोने नेतो. कास्तकार मित्रांनो, वाइंडिंग गेले म्हणून इंजिन गेले असे होत नाही. संत्र्याच्या बगीच्यात ते फवारणीचा पंप ओढेल, कॅरेट आणि शेणखत वाहणारी छोटी गाडीही चालवेल. फक्त हात लावण्याआधी त्याचा शाफ्ट समजून घ्या.

पंपाच्या इंजिनाचा शाफ्ट सरळ असतो, त्याला चावीची खाच असते. जनरेटरचा मात्र बहुधा टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळता होत गेलेला. त्यावर रोटर नुसत्या घट्टपणावर बसतो आणि आरपार गेलेला लांब बोल्ट त्याला आवळून धरतो. रोटरचे दुसरे टोक मागच्या बेअरिंगवर पेललेले असते. रोटर काढला की तो आधारही जातो, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

मागचे झाकण आणि स्टेटर आधी काढा. बोल्ट निघाला तरी रोटर सहज सुटत नाही. तिथे घण घालू नका, क्रँक वाकते. पुलर लावा, धीर धरा.

मग सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सरळ भोकाची पुली टेपरवर वेल्ड करणे. हे कृपा करून करू नका. उष्णतेने ऑइल सील जळते, शाफ्ट कमजोर होतो, पुली डगमगत फिरते आणि एक दिवस तुटून कुणाच्या तरी अंगावर येते. त्यापेक्षा चांगल्या टर्नरकडे जा. टेपरच्या दोन्ही टोकांचा व्यास आणि मधली लांबी नीट मापून त्याच उताराचा हब कातून घ्या. बसवण्याआधी शाफ्टला मार्किंगचा रंग पातळ लावून हब फिरवून बघा. रंग आत सगळीकडे उमटला तर हब बसला. एकाच टोकाला उमटला तर भार येताच घसरणार. तुमच्या मॉडेलची सरळ शाफ्टची क्रँक मिळत असेल तर तीच बदलणे सगळ्यात उत्तम.

चेन थेट या शाफ्टवरून घेऊ नका. इंजिनाजवळ पुली, तिथून बेल्टने वेगळ्या शाफ्टवर, आणि तो शाफ्ट दोन बेअरिंगवर. ओढ त्या बेअरिंगनी सोसावी.

आता वेगाचे गणित. ५० सायकलची वीज देण्यासाठी ही इंजिने मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेली असतात. गाडीचे चाक ४० सेंटिमीटरचे धरले, तर ताशी ५ किलोमीटर चालीला त्याच्या मिनिटाला साधारण ६६ फेऱ्या होतात. म्हणजे वेग ४५ पट उतरवायचा! एका चेनने हे होत नाही, गिअरबॉक्स लागतोच. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर काढला की इंजिन अधिक पळते, हे खरे. पण मग कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो. गव्हर्नर राहू द्या, त्याच्या स्प्रिंगला केबल जोडून वेग कमी-जास्त करा. फ्लायव्हीलवरचे पत्रे काढू नका, इंजिनाला गार ठेवणारी हवा तेच वळवतात. बेल्टला जाळीचे झाकण हवेच. बगीच्यात तोडणीला बाया असतात, लुगड्याचा पदर अडकायला क्षणही लागत नाही. आणि भरल्या कॅरेटांसह उतारावर थांबवेल असा ब्रेक गाडीला आधी बसवा, इंजिन नंतर.

ही गाडी रस्त्यावर मात्र आणू नका. अशा ‘जुगाड’ गाड्या मोटार वाहनच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे नोंदणी आणि विमा आलेच, आणि घरी जोडलेल्या गाडीला ते मिळत नाहीत. छिंदवाड्याकडे आणि पांढुर्ण्याकडे जाणारे रस्ते सावनेरातूनच फुटतात. त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. तिथे विनाविम्याच्या गाडीने अपघात झाला तर भरपाईपायी वावर विकायची पाळी येईल.

गाडी जमत नसेल तर निदान फवारणीचा पंप जोडा. त्याला ना गिअरबॉक्स लागतो ना ब्रेक. येत्या बहाराआधी गोठ्यातला तो जनरेटर बाहेर काढा, ऑइल बदला, दोरी ओढून इंजिन सुरू होते का बघा. झाले तर भंगारवाल्याला परत पाठवा आणि टर्नरला गाठा.